लाइन जोडणाऱ्या शकुताई

शकुताई आगाशे फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. 'बोला' म्हणत, आणि मग गप्प राहत. इतकं स्वस्थ गप्प राहणं मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. पलीकडचा माणूस रडो, अडखळो, शब्द शोधत बसो, त्याला हवा तेवढा वेळ मिळे. समोरासमोरही त्या तशाच. जिन्यात भेटल्या की एका पायरीवर थांबत, मान थोडी डावीकडे कलती करत आणि तुमचं बोलणं संपेपर्यंत हलत नसत. तरुणपणापासून टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून काम केलेलं. डाव्या कानावर सतत हेडफोन. 'हा कान सरकारचा, तो दुसरा माझा,' असं म्हणत आणि स्वतःच हसत.

बँकेनं माझी बदली कोलकात्याला केली, तेव्हा नवरा पुण्यात राहिला आणि मी माझ्या मुलीला, रेवाला, घेऊन बालीगंजच्या एका जुन्या इमारतीत आले. लाल गुळगुळीत फरशी, झडपांच्या हिरव्या खिडक्या, हातभर जाड भिंती. सामान चढवणारे हमाल जिन्याच्या वळणावर कपाट घेऊन अडकले होते. मी हिंदीत काहीतरी सांगत होते, ते बंगालीत काहीतरी सांगत होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "अगं, आडवं घे म्हणावं! उभं नाही जायचं ते!" त्या परक्या शहरात, त्या अर्धवट उजेडाच्या जिन्यात, कुणी इतक्या सहज मराठीत ओरडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी मान वर केली. कठड्यावरून पांढऱ्या केसांचा अंबाडा आणि मोठा चष्मा खाली वाकला होता.

"नागपूरची मी," त्या म्हणाल्या. "चहा टाकलाय. कपाट आत गेलं की वर ये."

लग्नानंतर त्या इथे आल्या होत्या. आगाशे एका सरकारी कंपनीत इंजिनिअर. शकुताईंनी कलकत्त्याच्या एक्स्चेंजला बदली मागून घेतली. मूलबाळ झालं नाही. आगाशे गेल्यावर भाच्यांनी नाशिकला बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत. का, असं विचारलं तर म्हणत, "इथली दुपार सोडवत नाही गं."

सुरुवातीच्या दिवसांची त्यांची एक गोष्ट होती. एक्स्चेंजमधल्या बंगाली मुलींशी त्या मोडकंतोडकं बोलायच्या, आणि यांनी काहीही म्हटलं की त्या मुली माना डोलावून म्हणत, 'ताइ तो!' घरी येऊन यांनी नवऱ्याला सांगितलं, किती गोड मुली आहेत हो, आठवड्याभरात मला ताई म्हणायला लागल्या. 'ताइ तो' म्हणजे 'खरंच की', हे महिन्याभरानं कळलं. "पण तोवर मी त्यांची ताई होऊन बसले होते," शकुताई म्हणत. "मग अर्थ कळून काय उपयोग?" शेजारीपाजारी मात्र त्यांना शकुदी म्हणत. रेवाचं मराठी इथं राहून वाकडंतिकडं होत चाललं होतं. बंगालीला लिंगच नाही, त्यामुळे ती 'आजी, पाऊस आली' म्हणे. शकुताई तिला कधी दुरुस्त करत नसत. "आली का? बरं झालं," म्हणून खिडक्या लावायला उठत.

ट्रंक एक्स्चेंजबद्दल त्या बोलू लागल्या की रेवा मांडी घालून ऐके. तिला ते परीकथेसारखं वाटे: भिंतभर बोर्ड, त्यावर भोकं आणि लुकलुकणारे दिवे, प्रत्येकीच्या हातात दोऱ्या, आणि एक दोरी इथून काढून तिथे खुपसली की कलकत्त्याचा माणूस नागपुरात बोलू लागे. नागपूरला एका कापसाच्या व्यापाऱ्यानं ऑपरेटर मुलींसाठी पेढे पाठवले होते. त्याचे कॉल आधी लावावेत आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे जरा रेंगाळू द्यावेत, एवढंच म्हणणं. शकुताई तेव्हा नवीन होत्या. त्यांनी पेढे सगळ्यांना वाटले, स्वतः दोन खाल्ले आणि दोघांचे कॉल ज्याच्या त्याच्या पाळीनं लावले. व्यापारी चिडून फोनवर म्हणाला, 'माझे पेढे खाल्लेत ना?' या म्हणाल्या, 'खाल्ले. गोड होते. तुमचा नंबर चौथा आहे.'

"नंबर मागितला की जोडायचा," त्या सांगत. "कशाला हवा, कुणाला हवा, तो माणूस मोठा की लहान, हे बघणं आपलं काम नाही. आपण मधल्या. मधल्या माणसानं मधेच राहावं."

दुसरी गोष्ट त्या क्वचित सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई. कलकत्त्यातला एक मुलगा दर महिन्याला नागपूरला आईला ट्रंक कॉल लावायचा. घर सोडून आलेला असावा. एकदा तीन मिनिटं होत आली म्हणून यांनी लाइनीत शिरून पाहिलं, तर दोन्हीकडे नुसती शांतता. यांना वाटलं, लाइन तुटली. नियमाप्रमाणे विचारलं, 'बोलणं चालू आहे का?' दोन्हीकडून एकदमच उत्तर आलं, 'हो, चालू आहे.' मग पुन्हा शांतता. "मी हळूच बाहेर आले," शकुताई म्हणत. "एवढं बोलणं मी आयुष्यात जोडलं नसेल."

पुढे एसटीडी आलं, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि बोर्ड बंद झाला. बाकीच्या मुली रडल्या. शकुताई संध्याकाळी घरी आल्या आणि त्यांनी स्वतःच्या बोटांनी नागपूरला आईचा नंबर फिरवला. मधे कुणी नाही! त्यांना इतकी गंमत वाटली, की आईला काय सांगायचं तेच विसरल्या. नंतर आलेल्या प्रत्येक गोष्टीचं त्यांनी असंच स्वागत केलं. गडियाहाटला पहिलं सायबर कॅफे निघालं, तेव्हा कॉलेजच्या पोरांच्या रांगेत या साडीचा पदर खोचून उभ्या. स्मार्टफोन त्यांच्याकडे माझ्याआधी आला. "यंत्र बदलतं म्हणून हळहळू नये," असं त्यांचं मत. "यंत्राच्या दाराशी कोण बसलंय आणि ते कुणाला आत सोडतंय, तेवढं मात्र बघावं."

आता त्या दुपारींबद्दल. जेवणं झाली, गल्लीतला मासेवाला निघून गेला, समोरच्या गच्चीवरच्या साड्या वाळून हलक्या झाल्या, की शकुताई बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसत आणि फोन तोंडाशी धरून आवाज रेकॉर्ड करू लागत. इंटरनेटवर त्यांना एक साइट सापडली होती. डोंगरातल्या कालिम्पाँगमधले एक निवृत्त मास्तर, प्रधानसर, ती चालवत. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी निरनिराळ्या भाषांतली माणसं तिथे वाचून दाखवत. पैसे नाहीत, जाहिरात नाही, नाव नोंदवायचीही गरज नाही. या आणि ऐका. शकुताई पुस्तक वाचत नसत. समोर जे दिसेल ते मराठीत सांगत. 'आता समोरच्या खिडकीत एक मांजर येऊन बसलंय. ते कुणाकडेच बघत नाहीये. ऊन त्याच्या एका कानावर आहे, आणि त्या कानाच्या आतला गुलाबी रंग दिसतोय...' असं संथपणे, अर्धा अर्धा तास. सांगलीहून कुणी आजोबा कळवत, की बालीगंजची गल्ली आता मला पाठ झाली आहे.

आमच्या तळमजल्यावर निहारबाबू राहत. भूगोलाचे शिक्षक; काचबिंदूनं दृष्टी गेलेली. ते त्या साइटवर बंगाली वाचन ऐकत, आणि ते संपलं की मराठी लावत. एकदा मला म्हणाले, "एक मराठी बाई आहेत. शब्द कळत नाहीत. पण दुपार फार सुंदर जाते." मी वर येऊन शकुताईंना सांगितलं. त्या लाजल्या. "ओळखत असणार गं ते. ज्याला दिसत नाही त्याला आवाज कळणार नाही होय?" दोघं रोज जिन्याखाली भेटत, हवेबद्दल बोलत, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नसत.

मग ती फुकट इंटरनेटची गोष्ट घडली.

इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी घोषबाबू; दुसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच राहत. टापटिपीचे, विधुर, इमारतीचं भलं व्हावं म्हणून झिजणारे. एका कंपनीनं त्यांना गाठलं: जिन्यात आमचा एक डबा बसवू द्या, जुन्या वायरी काढून टाकू, सगळ्या घरांना इंटरनेट फुकट, सिनेमे भरधाव, आणि घरात लहान मुलं असली तरी काळजी नको, कारण जे चांगलं आणि सुरक्षित तेवढंच उघडेल. कोण नाही म्हणणार? आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. शकुताईंनी एकच विचारलं, "चांगलं कोणतं, ते कोण ठरवणार?" घोषबाबू हसून म्हणाले, "तज्ज्ञ आहेत, दीदी."

डबा बसला. सिनेमे खरंच भरधाव चालू लागले. इमारत खूश होती. साधारण आठवड्यानं निहारबाबू जिन्याशी उभे दिसले. एक हात कठड्यावर, चेहरा वर केलेला.

"शकुदी, ती साइट बंद झाली बहुतेक," ते म्हणाले. "सगळं कधी ना कधी बंद होतंच. तुम्हाला म्हणून सांगितलं."

आमच्या जाड भिंतींमुळे मोबाइलची रेंज फक्त बाल्कनीत मिळे. शकुताई तिथे गेल्या आणि आपल्या फोनवर साइट लावली. ती बंदबिंद काही झाली नव्हती. कुणी नेपाळी आवाज शांतपणे वाचत होता. डब्यातून मात्र ती उघडत नव्हती. पांढऱ्या पानावर एक ओळ येई: 'ही सेवा सध्या उपलब्ध नाही.'

त्या दिवसापासून शकुताई फोन हातात घेऊन घरोघर जाऊ लागल्या. कधी मी बरोबर असे, कधी नसे. घोषबाबू जिन्यातून ओरडले, "दारं लावून घ्या, बर्गी आले!" बंगालवर स्वारी करून आलेल्या मराठ्यांना इथे अजून बर्गी म्हणतात. शकुताईंनी खालून उत्तर दिलं, "या वेळी दारं उघडायला आलेत!"

प्रत्येक घरात त्या एवढंच विचारत, "तुमच्याकडे काय उघडत नाही?" आणि प्रत्येक घर आधी म्हणे, सगळं चालतं. मग त्या त्यांच्या पद्धतीनं गप्प बसत. त्या शांततेत हळूहळू काहीतरी बाहेर येई. एका घरी डायलिसिसवरच्या माणसांचा एक छोटा गप्पांचा कट्टा उघडत नव्हता. एका घरी जपानी शिकणाऱ्या मुलीचे धडे. प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच फोन जुना झालाय, आपल्यालाच नीट जमत नाही. म्हणून कुणी कुणाला बोललं नव्हतं.

घोषबाबूंकडे आम्ही सकाळी गेलो. दिवाणखान्यात त्यांच्या पत्नीचा, मीनादेवींचा फोटो. त्याला ताजी फुलं.

"आमच्याकडे सगळं चालतं, दीदी."

शकुताई गप्प. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी दाराशी भांडी घासत होतं.

"एक होतं," घोषबाबू बऱ्याच वेळानं म्हणाले. "पण ते आता नाहीच उरलं. त्याला इलाज नाही."

"काय होतं?"

"हिचं पान. ती कांथा शिवायची. जुन्या साड्यांचे थर करून त्यावर टाके घालतात, ते. शिवलं की फोटो काढायची आणि इंटरनेटवर टाकायची, खाली दोन ओळी लिहून. मी रोज चहाच्या वेळी बघायचो. आता येत नाही. पुसून टाकलं असेल. गेलेल्या माणसाचं पान कोण कशाला ठेवेल?" त्यांनी धोतराचं टोक नीट केलं. "मी कुणाला सांगितलं नाही. म्हाताऱ्याला हसतील."

"पत्ता सांगा," शकुताई म्हणाल्या.

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. ते पाठ होतं. शकुताई बाल्कनीत गेल्या, टाइप केलं, थोडं थांबल्या आणि आत न येता म्हणाल्या, "इकडे या जरा."

घोषबाबू गेले. मी दारातच थांबले. तिथून मला पडद्यावर नुसता लाल रंग दिसला, आणि त्यावर पांढऱ्या टाक्यांचा एक मासा. घोषबाबूंनी चष्मा वर केला, खाली केला. मग खालच्या दोन ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या, शाळेतल्या मुलासारख्या: 'माशाची शेपटी वाकडी आली. उसवणार होते. हे म्हणाले, राहू दे.'

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे की. जाणार कुठे?"

"मग माझ्याकडे..."

"तुमच्याकडे दार लागलंय फक्त."

ते बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे राहिले. खालून रिक्षा गेली, फुलवाला गेला. "मीच आणला तो डबा," ते म्हणाले. "स्वतः सह्या गोळा केल्या."

"चांगल्यासाठीच आणलात. बघा, अजून फोटो आहेत खाली," शकुताई म्हणाल्या, फोन त्यांच्या हातात दिला आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. तो फोन त्यांना संध्याकाळी परत मिळाला. यातलं एक अक्षरही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी गच्चीवर सभा झाली. कंपनीचा तरुण अधिकारी आला होता. फार अदबीनं बोलणारा. तो म्हणाला, "आम्ही काहीही बंद केलेलं नाही. जे यादीत नाही ते उघडत नाही, एवढंच. साइटवाल्यांनी अर्ज केला की आम्ही विचार करतो." शकुताईंनी सांगितलं, प्रधानसरांनी अर्ज केला होता, उत्तर आलं की कंपनीचं नाव, नोंदणी आणि ग्राहकसंख्या कळवा. "ते एकटे आहेत," शकुताई म्हणाल्या. "खोलीत एक कॉम्प्युटर आहे आणि ऐकणारी माणसं आहेत. त्यांनी कुणाची परवानगी आणायची?"

वरच्या मजल्यावरच्या मल्लिकाबौदी, म्हणजे मल्लिकावहिनी, उठल्या. "पण फुकट आहे ना! पाच-सहा म्हाताऱ्या माणसांच्या छंदापायी आम्ही सगळ्यांनी सोडायचं?"

हे खोटं नव्हतं, आणि बऱ्याच माना हलल्या. शकुताई काही बोलणार, इतक्यात घोषबाबू उभे राहिले. त्यांनी मीनादेवींच्या पानाचं सगळं सांगितलं, वाकड्या शेपटीसकट. सांगताना त्यांचा आवाज फुटला नाही, उलट हिशेब मांडावा तसे ते बोलले. शेवटी म्हणाले, "आज माझं आहे. उद्या तुमचं काय असेल, ते यादी करणाऱ्याला माहीत नसणार. तुम्हालाही अजून माहीत नाही." निहारबाबूंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून हात वर केला. मग एकेक हात वर गेले. सगळे नाही.

दुर्गापूजेच्या आधी डबा गेला. नव्या वायरी यायला वेळ लागला, तोवर इमारतीत इंटरनेटच नव्हतं, आणि त्याचा दोष शकुताईंवर आला. मल्लिकाबौदींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. नवरात्रात यांनी पाठवलेले करंजीचे डबे त्यांनी धुऊन, रिकामे, मोलकरणीच्या हाती परत पाठवले. शकुताईंना ते लागलं. "वाईट नाही गं ती," एवढंच म्हणाल्या. ज्या दुपारी साइट पुन्हा उघडली, त्या दुपारी मात्र निहारबाबूंच्या खिडकीतून यांचाच आवाज गल्लीत ऐकू येत होता, आणि या स्वतः खाली भाजी घेत होत्या. भाजीवाला कधी खिडकीकडे बघे, कधी यांच्याकडे.

दोन वर्षांनी प्रधानसरांचा फोन आला. हात थरथरत होते, डोळेही चालले होते. साइट कुणाच्या तरी हवाली करायची होती. एका कंपनीनं विचारणा केली होती, पण तिला आधी ऐकणाऱ्यांची नावं, वयं, पत्ते हवे होते. शकुताईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी येते. मला शिकवा."

"तुम्हाला जमेल का ते?" मी विचारलं. त्या पंचाहत्तरीच्या होत्या.

"नागपूरला पहिल्या दिवशी बोर्ड तरी कुठे येत होता?" त्यांनी स्वेटर पेटीत घातला. "बोटं शिकतात."

त्या कालिम्पाँगला गेल्या आणि तिथेच राहिल्या. शिकल्या, आणि तिथल्या दोन मुलींना शिकवलं. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. साइट चालू आहे. त्या दोघी ती सांभाळतात. आम्ही फोनवर खूपदा बोललो होतो, पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सियालदह स्टेशनवर.

सकाळची गाडी होती. उपनगरांतून आलेल्या गाड्या रिकाम्या होत होत्या; झेंडूच्या माळा, कोथिंबिरीच्या जुड्या, नासवलेल्या दुधाच्या छेन्याची ओली गाठोडी डोक्यावर घेऊन माणसांचे लोंढे आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होते. धुक्यातून येणारा उजेड दुधाळ होता. शकुताईंना खिडकी मिळाली होती. शेजारी डोंगरातली एक लेपचा बाई, मांडीवर तान्हं. मी बाहेरून सूचनांचा पाढा वाचत होते: औषधं, गरम पाणी, पोचल्यावर फोन. त्या हो हो म्हणत होत्या, पण लक्ष त्या बाळाकडे. गाडी हलली तेव्हा ते बाळ त्यांच्या मांडीवर आलं होतं. मी हात वर केला. शकुताईंनी बाळाचा हात धरला आणि खिडकीच्या गजांमधून माझ्याकडे हलवला. स्वतः मात्र त्या पुढे बघत होत्या, गाडी जात होती तिकडे. गर्दीत उभी राहून मी त्या इवल्याशा मुठीला हात हलवत राहिले.